ण बाणाचा

चैत्री पुनवेच्या आदल्या रात्री सिद्रामला मुलगी झाली.
भटजींनी पंचांग उघडलं, चष्मा पुसला,
हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ण.
मग स्वतःच हसले,
ण वरून नाव नसतं हो,
न घ्या. चालतं.

ते 'चालतं' म्हणाले आणि माझ्या डोक्यात
घोंगडे वस्तीतल्या शाळेचा पत्रा तापला.
बाईंनी मला उभं केलं होतं.
म्हण, पाणी.
पानी.
म्हण, लोणी.
लोनी.
आमच्या घरी सगळे पानीच प्यायचे,
तहान भागायची त्यानं.
पण वर्ग हसला, म्हणून मी भीतीनं
दिसेल तिथं ण पेरत सुटले,
णदी, णारळ, माझं णाव सुणंदा.
तेव्हा तर बाईपण हसल्या.

अनुजाच्या मोबाईलमध्ये नावांची रास.
कियांश, रिधांश, श्रियांश,
सगळे कशाचा ना कशाचा अंश,
पुरता असा कुणीच नाही.
तिला एवढंच हवं होतं,
वर्गात दुसरी नको या नावाची.
तिच्या शाळेत अनुजा तिघी होत्या.
अनुजा अ, अनुजा ब.
ही क.

मी म्हणाले, ण च घ्यायचा.
वहिनी बघतच राहिली.
मी अक्कलकोट रोडला टॉवेलवर लेबलं शिवते,
दिवसाला अकराशे,
सगळ्यांवर एकच नाव, तेही मालकाच्या बापाचं.
मला कोण विचारतंय, पण
बारशाला आत्याचा मान असतो की नाही?

रात्री लाइट गेली.
गच्चीवर चटई टाकून आम्ही शब्द सोलत बसलो,
मध्ये शेंगांची पाटी.
ण कधी पुढं येतच नाही,
कायम कुणाच्या तरी पाठीमागं.
वेणी. कणीस. दुखणं. चांदणं.
जाणीव, अनुजा म्हणाली.
उणीव, मी म्हणाले.
दोघींनी एकदमच टरफल काढलं.
जा गेला. उ गेला.
णीव राहिलं हातात.
सिद्राम कूस बदलत म्हणाला,
आ लावा की शेवटी, पोरगी आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी मी मोरीत कडी लावून
जीभ वळवत होते टाळूकडं.
नी. नी. णी. नी.
दुसऱ्या दिवशी वाकले पाळण्यात,
कुर्रर्र केलं,
आणि काय म्हणाले ते तिलाच ठाऊक,
कारण तेवढ्यात पाठीत धपाटे बसले
आणि घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली.

शेजारची यल्लव्वा म्हणाली, नीवू?
आमच्यात त्याचा अर्थ तुम्ही.
गाजुलांची पद्मा म्हणाली, तेलुगूत तू.
एवढीशी पोर,
एका उंबऱ्यावर तुम्ही, दुसऱ्यावर तू.
आणि मराठीत? कुणीतरी विचारलं.
मराठीत अजून व्हायचाय, मी म्हणाले,
आणि माझं मलाच नवल वाटलं.

दाखल्याला मीच गेले महापालिकेत.
खिडकीतल्या पोरानं वाचलं,
नीवा टाइप केलं,
ताई, तुमच्या कागदावर चूक आहे, म्हणाला, दुरुस्त केलीय.
बाहेर बेचाळीस डिग्री.
माझ्या मागं तेरा माणसं.
परत खोड, मी म्हणाले.
न नळाचाच ना?
नाही,
ण बाणाचा.
रांगेत कुणीतरी फिसकन् हसलं.
हसू दे.
त्याला बटण सापडेना,
शोधत बसला बराच वेळ,
मी सांगत राहिले, शिफ्ट दाबून बघ, शिफ्ट.

मग दाखला घडी करून ब्लाऊजात ठेवला
आणि जिन्याखालच्या नळावर
ओंजळ भरभरून पानी प्याले.